रंगाची खपली साक्ष देते

पोळ्याचा दिवस आठवा. बैल धुतले. शिंगे घासली. मग शिंगांना रंग दिला. काम संपले आणि आपण हाताकडे पाहिले. काय दिसले? बोटांना रंग. धोतराला रंग. दाराच्या कडीलाही रंग! कडी रंगवायला कोणी गेले नव्हते. हात लागला आणि रंग गेला.

बैलाने गोठ्याच्या खांबाला शिंग घासले तर काय होते? शिंगाचा रंग खांबाला लागतो. खांबाची धूळ शिंगाला लागते. देणे आणि घेणे दोन्ही होते.

ही गोष्ट किती साधी! पण तिच्यावर एक मोठे शास्त्र उभे आहे. फ्रान्स देशात लिआँ नावाचे शहर आहे. तेथे एदमाँ लोकार नावाचे एक विद्वान होते. त्यांनी १९१० साली पोलिसांसाठी प्रयोगशाळा काढली. त्यांच्या शिकवणीचे सार असे : दोन वस्तू एकमेकींना लागल्या की एकीचा अंश दुसरीवर राहतो. गुन्हा करणारा काहीतरी मागे टाकतो आणि काहीतरी बरोबर नेतो. ते शोधता आले पाहिजे.

मोटारीने माणसाला धडक दिली आणि ती पळून गेली. चोराने पहारेने रंगवलेले दार फोडले. अशा वेळी मागे राहते ती रंगाची एक खपली. तिळाएवढी, कधी तिळाहूनही लहान. ही खपली मुकी असते. पण तिला बोलते करता येते. कसे, ते आज आपण पाहू.

लाल तेवढे सगळे एक नव्हे

देवाला आपण शेंदूर लावतो. भिंतीला गेरू लावतो. बाया कपाळाला कुंकू लावतात. दुरून पाहिले तर तिन्हींना आपण लालच म्हणू. पण तिन्हींचे मूळ निराळे आहे. शेंदूर शिशापासून करतात. गेरू म्हणजे एक प्रकारची माती. तिच्यात लोखंडाचा गंज असतो. जुन्या रीतीचे कुंकू हळदीपासून करतात.

आता समजा, कागदावर तिन्हींचा एकेक कण ठेवला. धुळीच्या कणाएवढा. कोणता कण कशाचा, हे डोळ्यांनी सांगता येईल का? येणार नाही. चाखून तर मुळीच पाहू नये. शेंदूर विषारी असतो.

मोटारीच्या रंगाचेही तसेच आहे. लाल मोटारी हजारो. डोळ्याला सगळ्या सारख्या. पण एका कारखान्याच्या लाल रंगात एक वस्तू असते, तर दुसऱ्याच्या लाल रंगात दुसरीच.

रंगात असते तरी काय?

घराला चुना देताना जाणती माणसे चुन्यात थोडा डिंक किंवा खळ घालतात. का बरे? नाहीतर चुना हाताला लागतो, अंगाला लागतो. डिंकाने तो भिंतीला धरून राहतो.

डब्यातल्या रंगातही हेच असते. एक, रंगाची भुकटी. तिने रंग दिसतो. दोन, भुकटीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. तो वाळून टणक होतो. तीन, पातळ करणारे द्रव्य. ते वाळताना उडून जाते. यांशिवाय काही थोडे मसाले असतात : कोणी चकाकीसाठी घालतो, कोणी टिकाऊपणासाठी.

मोटारीवर असा रंग एकदाच देत नाहीत. पत्र्यावर आधी गंज न चढण्यासाठी एक थर. त्यावर अस्तराचा थर. त्यावर दिसणारा रंग. सर्वांत वर काचेसारखा चकचकीत थर. एवढे सगळे मिळून जाडी किती? जवळजवळ वहीच्या कागदाएवढी!

आपल्या जुन्या भिंतीचा पोपडा पडतो तेव्हा नीट पाहा. वर पांढरा, खाली निळा, त्याखाली पिवळा. दर दिवाळीला दिलेला रंग थराथराने दिसतो. मोटारीची खपलीही तशीच वाचतात. प्रयोगशाळेत ती आडवी धरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सूक्ष्मदर्शक म्हणजे लहान वस्तू मोठी करून दाखवणारे यंत्र. थर किती, कोणत्या क्रमाने, हे त्यात दिसते. मोटार मध्येच कोणी दुसऱ्या रंगाने रंगवली असेल, तर तेही तेथे उघडे पडते.

थर दिसले. पण थरात कोणते पदार्थ आहेत? ते सांगण्यासाठी प्रकाशाची मदत घ्यावी लागते.

उजेडाची फोड

इंद्रधनुष्य आपण सर्वांनी पाहिले आहे. सूर्याचा उजेड पांढरा दिसतो, पण त्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग असतात. पावसाचे थेंब ते वेगळे करतात. इंग्लंडमध्ये न्यूटन नावाचे थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १६६६ च्या सुमारास तीनधारी काचेतून, म्हणजे लोलकातून, उजेड नेला आणि भिंतीवर तोच रंगांचा पट्टा पाडून दाखवला. या पट्ट्याला म्हणतात वर्णपट.

आता चुलीजवळ या. चुलीतल्या जाळावर चिमूटभर मीठ टाका. जाळ पिवळाधमक होतो. कोणाच्याही चुलीत टाका, पिवळाच होतो. मिठात सोडियम नावाची धातू असते. तापली की ती पिवळाच उजेड देते. तांब्याचा क्षार टाकला तर जाळ हिरवट होतो. म्हणजे जाळाच्या रंगावरून आत काय आहे ते ओळखता येते.

जर्मनीत हायडेलबर्ग गावी बुन्सेन आणि किर्खहोफ या दोघा मित्रांनी १८५९-६० साली हे काम पक्के केले. जाळाचा उजेड त्यांनी लोलकातून नेला. तेव्हा दिसले, की प्रत्येक मूळ पदार्थाच्या उजेडाच्या रेघा ठरलेल्या असतात. एकाच्या रेघा दुसऱ्याला कधी येत नाहीत. या रेघा वाचून त्यांनी दोन नव्या धातूही शोधून काढल्या.

आपण अक्षर शिकण्याआधी कागदावर अंगठा उठवत होतो. दोन माणसांचा अंगठा सारखा नसतो. तसाच हा पदार्थाचा अंगठा समजा. उजेडाच्या साहाय्याने पदार्थाचा अंगठा घेण्याच्या या विद्येला वर्णपटशास्त्र म्हणतात.

न दिसणारा उजेड

चुलीतला जाळ विझला, वर राख आली. उजेड दिसत नाही. तरी हात जवळ नेला की ऊब लागते. म्हणजे काहीतरी निखाऱ्याकडून हाताकडे येतेच आहे. डोळ्यांना न दिसणारे हे किरण आहेत. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी ते शोधले. त्यांनी वर्णपटात तांबड्या रंगाच्याही पलीकडे उष्णतामापक ठेवला. तेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते. पण पारा वर चढला! या किरणांना अवरक्त किरण म्हणतात.

रंग ओळखायला हे किरण फार उपयोगी पडतात. कसे ते पाहा.

पोराला झोपाळ्यावर बसवले. झोका परत आला, की त्याच वेळी हलकासा धक्का द्यायचा. मग झोका उंच जातो. भलत्याच वेळी धक्का दिला तर झोका वाढत नाही. प्रत्येक झोपाळ्याची एक लय असते. त्या लयीतला धक्काच त्याला मानवतो.

पदार्थाचे अगदी बारीक कण म्हणजे अणू. ते एकमेकांना जोडलेले असतात आणि झोपाळ्यासारखे सारखे हलत असतात. प्रत्येक जोडीची लय निराळी. अवरक्त किरणांतही निरनिराळ्या लयींचे किरण असतात. ज्याची लय जुळते तो किरण पदार्थ गिळून टाकतो. बाकीचे पुढे निघून जातात.

यंत्र काय करते? खपलीवर हे किरण सोडते. कोणते पार गेले आणि कोणते गिळले गेले, ते मोजते. मग एक वाकडीतिकडी रेघ काढते. डोंगर आणि दऱ्या असाव्यात तशी. दुरून डोंगराची कड पाहून गुराखी सांगतो, हा अमुक डोंगर. तसेच ही रेघ पाहून जाणकार सांगतो, हा चिकट पदार्थ अमुक जातीचा.

या यंत्राला सूक्ष्मदर्शक जोडलेला असतो. म्हणून केसाच्या जाडीहून लहान कणही तपासता येतो. आणि मुख्य म्हणजे, तपासताना कण जळून जात नाही. दुसऱ्या कोणाला शंका आली तर तोच कण पुन्हा तपासता येतो. न्यायाच्या कामी हे फार मोलाचे आहे.

आपल्या देशातला शोध

चिकट पदार्थ कळला. पण रंगाची भुकटी कोणती? येथे आपल्या देशातला एक शोध कामाला येतो. कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन हे उजेडावर संशोधन करत होते. एखाद्या पदार्थावर एकाच रंगाचा उजेड टाकला, तर परत फिरणारा बहुतेक उजेड त्याच रंगाचा असतो. पण त्यातला अगदी थोडा भाग किंचित बदललेला असतो. किती बदलला, हे त्या पदार्थावर अवलंबून असते. हा शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लागला. १९३० साली रामन यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. २८ फेब्रुवारी हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो.

आज जगभरच्या प्रयोगशाळांत रामन यांच्या नावाची यंत्रे आहेत. त्यांत लेसर नावाचा प्रखर, एकरंगी उजेड वापरतात. लाल भुकटी गेरूची की दुसऱ्या कशाची, हे ती सांगतात. आणखी एका यंत्राने रंगातल्या धातू कळतात. शिसे आहे का, लोखंड आहे का, हे त्यावरून ठरते. असे चार साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, की मग विश्वास बसतो.

एका नदीकाठची हकीकत

आता अमेरिकेत घडलेली एक खरी हकीकत ऐका.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिॲटल नावाचे शहर आहे. त्याच्या दक्षिणेला ग्रीन नदी वाहते. १९८२ सालच्या उन्हाळ्यात या नदीत एकामागून एक बायकांची प्रेते सापडली. पुढे आसपासच्या रानातही सापडू लागली. मरणाऱ्यांपैकी पुष्कळ जणी कोवळ्या वयाच्या होत्या. कोणी घरातून पळून आलेली, कोणी रस्त्यावर शरीर विकून पोट भरणारी. मारेकऱ्याने मुद्दाम अशा पोरी हेरल्या. त्याला वाटले, यांच्यामागे कोण विचारायला येणार?

पोलिसांनी वर्षानुवर्षे तपास केला. मारेकरी सापडला नाही. पण त्यांनी एक गोष्ट चांगली केली. मेलेल्या मुलींचे कपडे आणि सापडलेल्या वस्तू त्यांनी टाकून दिल्या नाहीत. सगळे जपून ठेवले.

गॅरी रिजवे नावाच्या माणसावर त्यांचा संशय होता. १९८७ साली त्याच्या लाळेचा नमुना घेऊन ठेवला होता. त्या वेळी त्यातून काही निष्पन्न झाले नाही. पुढे शास्त्र वाढले. माणसाच्या शरीरातल्या अंशावरून, म्हणजे डीएनएवरून, माणूस ओळखता येऊ लागला. २००१ साली नमुना जुळला. ३० नोव्हेंबर २००१ रोजी रिजवेला धरले. पण आरोप ठेवता आला तो चारच खुनांचा. बाकीच्या मुलींचे काय?

रिजवेचा धंदा काय होता? तो रेंटन गावच्या मालमोटारींच्या कारखान्यात रंगारी होता. मालमोटारींवर रंगाचा फवारा मारायचा.

पिकावर औषध फवारताना काय होते? वारा उलटला की बारीक तुषार आपल्या अंगावर येतात. रंगाच्या फवाऱ्याचेही तसेच. त्यातले काही थेंब हवेतच वाळतात. त्यांच्या चिमुकल्या गोळ्या बनतात. नुसत्या डोळ्याला त्या दिसतसुद्धा नाहीत. रंगाऱ्याच्या कपड्यांवर, केसांवर, गाडीत त्या धुळीसारख्या बसतात. आणि तो ज्याला हात लावील, त्यावरही जातात.

स्किप पॅलेनिक हे सूक्ष्मदर्शकाच्या कामातले जाणते शास्त्रज्ञ. जपून ठेवलेल्या कपड्यांवरची धूळ त्यांच्याकडे तपासायला गेली. त्या धुळीत त्यांना रंगाच्या त्या चिमुकल्या गोळ्या सापडल्या. एकेक गोळी अवरक्त किरणांच्या यंत्राखाली ठेवली. यंत्राने रेघ काढली. रिजवेच्या कारखान्यात त्या काळी जो खास रंग वापरीत, त्या रंगाशी ती रेघ जुळली. घरच्या भिंतीला किंवा खिडकीला देतात तसला तो साधा रंग नव्हता.

या रंगाच्या आधारे मार्च २००३ मध्ये आणखी तीन खुनांचे आरोप ठेवले गेले. आता रिजवेची सुटका नव्हती. फाशी टळावी म्हणून तो सगळे सांगायला तयार झाला. ५ नोव्हेंबर २००३ रोजी त्याने न्यायालयात ४८ खून कबूल केले. त्याला मरेपर्यंत कैदेची शिक्षा झाली. पुढे २०११ साली त्याने आणखी एक खून कबूल केला.

वीस वर्षे त्या गोळ्या कपड्यांवर बसून होत्या. ज्या मुलींमागे कोणी विचारायला येणार नाही असे मारेकऱ्याला वाटले, त्यांच्यासाठी त्याच्याच रंगाने साक्ष दिली.

खपलीला सगळे कळत नाही

कोणी म्हणेल, “मग झालं तर! यंत्रानं सांगितलं की माणूस दोषी.” नाही, तसे म्हणू नये. येथेच चूक होते.

रिजवेच्या कारखान्यात एकटा रिजवेच काम करत नव्हता. तोच रंग दुसऱ्या रंगाऱ्यांच्या अंगावरही उडत होता. रंगाने सांगितले, ‘मी अमुक कारखान्यातल्या रंगासारखा आहे.’ खून कोणी केला, हे त्याने सांगितले नाही. डीएनए, तपास, कबुली, असे सगळे मिळून गुन्हा शाबीत झाला.

मोटारीचेही तसेच. कारखान्यातून एका रंगाच्या हजारो मोटारी निघतात. खपली जुळली म्हणजे मोटार तीच असेल, पण तशाच दुसऱ्या मोटारीची शक्यताही उरते. मात्र मोटारीवर तीन-चार वेळा निरनिराळे रंग चढले असतील आणि सगळे थर क्रमाने जुळले, तर साक्ष फार बळकट होते. आणि फुटक्या काकणाचे दोन तुकडे जसे एकमेकांत बसतात, तशी खपलीची कड मोटारीवरच्या जागेत नेमकी बसली, तर मग शंकेला फारशी जागा राहत नाही.

उलट खपली जुळलीच नाही, तर तेही मोठे काम होते. गावात लाल मोटार एकाचीच आहे म्हणून लोक त्याच्याकडे बोट दाखवतात. खपली सांगते, ‘मी याच्या मोटारीची नव्हे.’ निरपराध माणूस सुटतो.

मोटार कोणती, हेच ठाऊक नसेल तर? तेव्हाही खपली वाट दाखवते. कॅनडाच्या पोलिसांनी मोटारींच्या रंगांची मोठी नोंद करून ठेवली आहे. कोणत्या कंपनीच्या, कोणत्या सालच्या मोटारीवर कोणते थर असतात, ते तीत पाहतात. मग शोध घेणे सोपे जाते.

आपले काम काय?

कोणी म्हणेल, “हे सगळं शहरातल्या शास्त्रज्ञांचं काम. आमचा काय संबंध?” संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. शास्त्रज्ञ मुंबईत कलिन्याच्या प्रयोगशाळेत बसतो. अपघात आपल्या फाट्यावर होतो. खपली आधी आपल्या पायाखाली येते.

अपघात झाला तर आधी माणूस वाचवा. १०८ वर गाडी बोलवा, ११२ वर पोलिसांना कळवा. जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, असा कायदा आहे. म्हणून भिऊन मागे राहू नका.

मग जागा सांभाळा. काचा, खपल्या, पत्र्याचे तुकडे गोळा करू नका. रस्ता झाडू नका, पाणी मारू नका. बघ्यांची गर्दी आणि गुरेढोरे दूर ठेवा. सायकल मोडली असेल तर ती पुसू नका, दुरुस्त करू नका. धडकेचा रंग तिच्यावरही असतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कपडे. माणूस दगावला, की दुःखाच्या भरात त्याचे कपडे जाळून टाकतात किंवा नदीत सोडतात. जखमीचे कपडे घरची बाई धुऊन टाकते. ती चांगल्या मनाने धुते. पण साक्ष वाहून जाते. कपडे झटकू नका, धुऊ नका. ओले असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ते कुजतात. सावलीत वाळवा, प्रत्येक कपडा निराळ्या स्वच्छ कागदात गुंडाळा आणि पोलिसांना द्या. पोच घ्यायला विसरू नका.

याने काय साधते? धडक देऊन पळालेली मोटार सापडलीच नाही, तर कायद्याने ठराविक मदत मिळते. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल दोन लाख रुपये आणि जबर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये, अशी ती ठरली आहे. त्यासाठी तालुक्याच्या कचेरीत अर्ज करावा. पण मोटार सापडली, तर मेलेल्याची कमाई किती होती, मागे किती तोंडे खाणारी आहेत, हे पाहून न्यायाधिकरण भरपाई ठरवते. घरचा कर्ता गेल्यावर हा फरक फार मोठा असतो. तो कधी कधी एका खपलीवर अवलंबून असतो.

आणि शेवटची गोष्ट. पोलीस पंचनामा करतात. पंच म्हणून आपल्याला बोलावतात. पूर्वी आपण न वाचता अंगठा उठवत होतो. आता आपल्याला वाचता येते. मग वाचा! खपली कोठे सापडली, ते बरोबर लिहिले आहे का? ती आपल्या डोळ्यांदेखत पाकिटात घातली का? पाकिटावर लाख लावून मोहोर केली का? हे सगळे पाहा आणि मगच सही करा. पाकीट वाटेत उघडले गेले, अशी शंका न्यायालयात निघाली तर शास्त्रज्ञाची सगळी मेहनत वाया जाते.

खपलीला भीती घालता येत नाही, लाच देता येत नाही. पण तिला पाय नाहीत. प्रयोगशाळेपर्यंत तिला सुखरूप पोचवणारी माणसे आपणच.

सांगा पाहू

१. शेंदूर, गेरू आणि कुंकू हे तिन्ही लाल. मग त्यांत फरक कोणता?

२. जाळावर मीठ टाकले तर जाळ कोणत्या रंगाचा होतो? का?

३. रंग जुळला एवढ्यावरून माणूस दोषी का ठरत नाही?

४. अपघातात सापडलेल्या माणसाचे कपडे का धुऊ नयेत?

५. पंचनाम्यावर सही करण्याआधी काय काय पाहाल?